नावानिशी मेलेली माणसं

होमरच्या इलियड या प्राचीन ग्रीक महाकाव्याच्या सहाव्या सर्गाच्या सुरुवातीला ॲक्सिलस नावाचा एक माणूस येतो. आठ ओळींत येतो आणि त्याच आठ ओळींत मरतो. होमर त्याच्याबद्दल एवढंच सांगतो: अरिस्बी गावचा, ट्यूथ्रसचा मुलगा, खाऊनपिऊन सुखी आणि लोकांचा लाडका. कारण त्याचं घर रस्त्याला लागून होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तो आत बोलवायचा, जेवूखाऊ घालायचा. पण त्या दिवशी त्या पाहुण्यांपैकी एकही जण त्याच्यापुढे उभा राहून त्याचं मरण अडवायला आला नाही. ग्रीक वीर डायोमिडीसनं त्याला मारलं, त्याचा रथ हाकणाऱ्या कॅलेसियसलाही मारलं. दोघंही मातीखाली गेले. पुढच्या ओळीत दुसऱ्या कुणाची तरी पाळी.

मी इलियडकडे आले ती वीरांसाठी. अकिलीस, हेक्टर, एजॅक्स, डायोमिडीस ही नावं लहानपणापासून कानावर होती आणि महाभारतावर वाढलेल्या कुणालाही युद्धाची गोष्ट परकी वाटत नाही. थांबले मात्र ॲक्सिलसमुळे. त्याच्या मरणानं कथानक तसूभरही पुढे सरकत नाही. आधी त्याचं नाव आलेलं नाही, नंतर येणार नाही. त्याला मारून डायोमिडीसची कीर्ती वाढते म्हणावं, तर त्यासाठी नुसतं नाव पुरलं असतं. ते रस्त्याकाठचं घर आणि पाहुणे कशासाठी?

एकदा हे लक्षात आलं की असे लोक जागोजागी दिसू लागतात. चौथ्या सर्गात सिमोएसियस नावाचा कोवळा पोरगा आहे. त्याची आई आपल्या आईबापांबरोबर मेंढरं बघायला इडा पर्वतावर गेली होती; उतरताना सिमोएस नदीच्या काठी बाळंत झाली, म्हणून नदीचंच नाव पोराला ठेवलं. एजॅक्सचा भाला त्याच्या छातीतून आरपार जातो. आईबापांचे पांग फेडायला त्याला सवड मिळाली नाही, असं होमर म्हणतो, आणि मग नदीकाठी तोडून वाळत टाकलेल्या पॉप्लरच्या झाडाची उपमा देतो. अकराव्या सर्गातला इफिडमस तर लग्नाच्या खोलीतून उठून थेट लढाईवर आलेला. बायकोसाठी त्यानं शंभर गुरं दिली होती, वर हजार शेळ्यामेंढ्या कबूल केल्या होत्या. संसार करायचा राहूनच गेला.

इलियडचे 24 सर्ग, सुमारे 15,700 ओळी. युद्ध ग्रीक आणि ट्रॉय नगर यांच्यातलं, दहा वर्षांचं, पण काव्यात त्यातल्या शेवटच्या वर्षाचे काही आठवडे तेवढे आहेत. सगळ्यांना माहीत असलेला लाकडी घोडा यात नाही. अकिलीसच्या टाचेत बाण लागत नाही. ट्रॉय पडतसुद्धा नाही. एवढ्या कमी दिवसांत दोनशेहून जास्त माणसं नावानिशी मरतात, आणि त्यांतले बहुतेक ट्रॉयच्या बाजूचे आहेत. गाणारे आणि ऐकणारे ग्रीक. तरीही शत्रूच्या मुलाची आई कुठल्या नदीकाठी बाळंत झाली ते गाणाऱ्याला ठाऊक आहे, आणि ऐकणाऱ्यालाही ते कळावं असं त्याला वाटतं.

मूळ भाषेत वाचायचं ठरवलं ते यामुळे. ऑफिसनंतरच्या संध्याकाळी, एक व्याकरण, एक कोश आणि शाळेत शिकलेलं संस्कृत एवढ्या शिदोरीवर. संस्कृत अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडलं. ग्रीकमध्येही द्विवचन आहे. होमरच्या काळी ते जिवंत होतं, पुढे झिजत गेलं. नवव्या सर्गात रुसून लढाई सोडलेल्या अकिलीसची समजूत काढायला ओडिसियस, एजॅक्स आणि म्हातारा फीनिक्स असे तिघं जातात, पण त्यांच्या चालण्याबोलण्याची क्रियापदं द्विवचनात येतात. तिघांसाठी द्विवचन का, यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही. ‘रामः रामौ रामाः’ घोकलेल्या माणसाला हा घोटाळा लगेच खटकतो, आणि मग त्यात भलतीच गोडी वाटू लागते.

छंदाचंही तसंच. होमरचा छंद सहा गणांचा. ज्यांनी ‘यमाताराजभानसलगं’ पाठ केलं आहे त्यांना सांगायला सोपं: त्यातला मूळ गण म्हणजे आपला भ गण, एक गुरू आणि दोन लघू. त्या दोन लघूंच्या जागी एक गुरू चालतो, म्हणजे मात्रा चारच राहतात. पाचव्या जागी बहुतेक वेळा भ गणच येतो आणि शेवटी दोन अक्षरं. इंग्रजी कविता आघातावर चालते, त्यामुळे इंग्रजी अनुवादकांना हा छंद आपल्या भाषेत आणताना कसरत करावी लागते. आपल्याकडे लघुगुरूचा हिशोब कानात आधीपासून असतो. मोठ्यानं वाचायला लागल्यावर काही दिवसांतच ओळ आपोआप झुलू लागली, अर्थ कळायच्या बराच आधी.

आणि मग ठरीव शब्दांशी गाठ पडते. अकिलीस चपळ पायांचा, मग तो तंबूत रुसून बसलेला असला तरी. जहाजं वेगवान, किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असली तरी. पहाट गुलाबी बोटांची. जेवणाचं, चिलखत चढवण्याचं, जहाज किनाऱ्याला लावण्याचं वर्णन त्याच त्या शब्दांत पुन्हा पुन्हा. मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकानं 1928 मध्ये पॅरिसमध्ये सादर केलेल्या प्रबंधात दाखवून दिलं की ही विशेषणं कवीच्या लहरीवर येत नाहीत. ओळीत जेवढी जागा उरली असेल तेवढ्या मापाचं विशेषण त्या त्या वीरासाठी तयार असतं. अशी चोख व्यवस्था एका माणसाची असू शकत नाही, ती पिढ्यांची असणार. हे तोंडानं रचलेलं काव्य आहे, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

हा अंदाज जिवंत माणसांवर पडताळण्यासाठी पॅरी 1933 मध्ये युगोस्लाव्हियात गेला. तिथे एका तारेच्या गुसले नावाच्या वाद्यावर वीरकथा गाणारे गायक तेव्हा होते. त्यानं आणि त्याचा सहायक अल्बर्ट लॉर्ड यानं ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली, काही सांगतील तशी लिहून घेतली. आज माँटेनेग्रोत असलेल्या बियेलो पोल्ये भागातला आव्दो मेजेदोविच हा त्यांतला सगळ्यांत मोठा गायक. धंद्यानं खाटीक, लिहितावाचता न येणारा. 1935 च्या उन्हाळ्यात त्यानं बारा हजारांहून जास्त ओळींचं एक काव्य सांगितलं, म्हणजे जवळजवळ होमरच्याच ओडिसी या दुसऱ्या महाकाव्याएवढं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लॉस एंजेलिसमध्ये बंदुकीची गोळी लागून पॅरी गेला. तेव्हा तो 33 वर्षांचा होता. पुढचं काम लॉर्डनं आयुष्यभर केलं.

पॅरी युगोस्लाव्हियात पहिल्यांदा गेला त्याच 1933 साली पुण्यात विष्णु सीताराम सुकथनकरांनी महाभारतातल्या आदिपर्वाच्या चिकित्सक आवृत्तीची प्रस्तावना प्रसिद्ध केली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचं हे काम 1919 मध्ये सुरू झालं आणि 1966 मध्ये पुरं झालं. सुकथनकर बर्लिनमध्ये शिकलेले. युरोपात ग्रीक आणि लॅटिन हस्तलिखितांवर पारखून घेतलेली पाठचिकित्सा, म्हणजे निरनिराळ्या प्रती ताडून मूळ पाठ ठरवण्याची रीत, त्यांना पुरती अवगत होती. महाभारताला ती जशीच्या तशी लावता येत नाही, हे त्यांनी त्या प्रस्तावनेत समजावून सांगितलं. अनेक तोंडांतून, अनेक लिप्यांतून, अनेक प्रांतांतून वाहत आलेल्या ग्रंथाला एकच एक मूळ प्रत शोधायला जाणं व्यर्थ. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जास्तीत जास्त जुनं जे रूप गाठता येईल ते गाठायचं. पॅरी आणि सुकथनकर एकमेकांना ओळखत असतील असं मला वाटत नाही. पण एकाच वर्षी, एक डोंगराळ खेड्यांत आणि एक पोथ्यांच्या ढिगाऱ्यात, दोघं शेजारशेजारच्या प्रश्नाशी झुंजत होते, याचा मला फार आनंद होतो.

पॅरी वाचल्यावर काही लोक हिरमुसतात. सगळंच साच्यातलं असेल तर कवीची प्रतिभा कुठे गेली, असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण तिसऱ्या सर्गात आहे. जिच्यावरून हे युद्ध पेटलं ती हेलन ट्रॉयच्या तटावर उभी राहून तिथल्या म्हाताऱ्या राजाला, प्रायमला, खालच्या ग्रीक सेनेतले वीर एकेक करून दाखवत असते. सगळे दिसतात, पण तिचे दोन भाऊ, कॅस्टर आणि पॉलिड्यूसीस, दिसत नाहीत. आलेच नसतील, ती म्हणते, किंवा आले असतील आणि माझ्यामुळे झालेल्या बदनामीच्या लाजेनं लढाईत उतरत नसतील. लगेच पुढच्या दोन ओळी: असं ती बोलली, पण त्यांना तर जीव देणाऱ्या मातीनं केव्हाच पोटात घेतलं होतं, तिकडेच, लॅसिडीमनमध्ये म्हणजे स्पार्टात, आपल्या लाडक्या जन्मभूमीत. मातीचं ते विशेषण ठरीव आहे, ‘लाडकी जन्मभूमी’ही ठरीव आहे. पॅरी म्हणेल की जागा भरायची होती, भरली. भरली खरी. पण हेलनला जे माहीत नाही ते आपल्याला त्या क्षणी कळतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरून गुळगुळीत झालेले शब्द अचानक असह्य होतात. रोजच्या शब्दांत एवढं बळ साठवायला एक आयुष्य पुरत नाही. ॲक्सिलसच्या आठ ओळी कुठल्या गायकानं पहिल्यांदा गायल्या कोण जाणे. पुढच्या प्रत्येकानं त्या ठेवल्या, एवढं मात्र नक्की. कथेला नको असलेली गोष्ट इतकी तोंडं जपून ठेवतात ती उगाच नाही.

आता वीरांकडे येते.

नवव्या सर्गात ते तिघं अकिलीसच्या तंबूपाशी पोचतात तेव्हा तो वीणेसारखं एक वाद्य वाजवत वीरांच्या कीर्तीची गाणी गात असतो. समोर त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस एकटा, गप्प, त्याचं गाणं कधी संपतंय याची वाट बघत. सबंध इलियडमध्ये वीरांची कीर्ती गाताना दिसणारा वीर हा एकच. ते वाद्य चांदीच्या घोडीचं, नक्षीदार, सुंदर. आणि अकिलीसनं ते ईटियनचं नगर लुटताना मिळालेल्या लुटीतून घेतलेलं. कवी हे एका ओळीत सांगून पुढे जातो. पण तीनच सर्गांपूर्वी आपण हेक्टरच्या बायकोच्या, अँड्रोमकीच्या तोंडून ऐकलेलं असतं की ईटियन तिचा बाप. अकिलीसनं त्याला मारलं, तिच्या सातही भावांना एका दिवसात मारलं. तिच्या माहेरची वीणा घेऊन तो वीरांची कीर्ती गातोय. माझ्या मते सगळं इलियड या एका वाद्यात आहे. कीर्ती कशाच्या मोलानं येते हे कवीला पक्कं ठाऊक आहे, आणि तो स्वतः तेच गाणं गातो आहे.

याच सर्गात अकिलीस सांगतो की त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. इथे राहून लढला तर घरी परतणं नाही, पण कीर्ती कधी विझणार नाही. घरी गेला तर कीर्ती गेली, पण आयुष्य लांबेल. गुरंढोरं लुटून आणता येतात, तिवया आणि घोडे मिळवता येतात, तो म्हणतो, पण माणसाचा प्राण एकदा दातांच्या कुंपणाबाहेर गेला की लुटून परत आणता येत नाही. संतापाच्या भरात का होईना, वीरपणाचा सगळा व्यवहारच तो नाकारतो. भित्रा आणि शूर दोघं सारखेच मरतात, मग कशासाठी? त्याला उत्तर कुणी देत नाही. शेवटी तो लढाईत उतरतो तो कीर्तीसाठी नाहीच. पॅट्रोक्लस हेक्टरच्या हातून मेला म्हणून उतरतो.

प्रायमचा मुलगा हेक्टर वेगळा. त्याला घर आहे. सहाव्या सर्गात तो लढाईतून थोडा वेळ नगरात येतो आणि वेशीपाशी अँड्रोमकी त्याला भेटते, दाईच्या कडेवर त्यांचं तान्हं बाळ. तूच माझा बाप, तूच आई, तूच भाऊ आणि तूच नवरा, ती म्हणते. ती नुसती रडत नाही, सल्लाही देते: अंजिराच्या झाडापाशी तटाची भिंत कच्ची आहे, सैन्य तिथे ठेव. हेक्टर म्हणतो, मागे राहिलो तर ट्रॉयच्या लोकांना तोंड कसं दाखवू? हे नगर पडणार हे मला आतून ठाऊक आहे, आणि मला सगळ्यात जास्त यातना होतात त्या तुझ्या विचारानं. तुला कुणीतरी ओढून नेईल, परक्याच्या मागावर तू विणशील, परक्याच्या विहिरीचं पाणी भरशील. मग तो बाळाला घ्यायला हात पुढे करतो. बापाच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा डुलताना बघून बाळ किंचाळतं आणि दाईला बिलगतं. दोघं हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो, बाळाचा पापा घेतो आणि देवाजवळ मागतो की हा बापापेक्षा मोठा योद्धा होवो, शत्रूला मारून रक्तानं माखलेली शस्त्रं घरी आणो आणि आईला आनंद होवो.

हा प्रसंग लोक फार हळवेपणानं सांगतात, आणि तो हळवा आहेच. मला त्या प्रार्थनेचं भय वाटतं. आत्ता ज्या शिरस्त्राणाला पोर घाबरलं, तेच बाप त्याच्या डोक्यावर बघू इच्छितो. दुसरं काही मागायचं त्याला सुचत नाही. त्याच्या जगात दुसरं मागणंच नाही. अँड्रोमकी घरी जाते आणि दासींसकट हेक्टरचा शोक सुरू करते, तो जिवंत असताना.

ग्रीकांनी या वीरांची पूजा केली, त्यांच्या थडग्यांवर बळी दिले. इ.स.पू. 334 मध्ये अलेक्झांडर आशियात उतरला तेव्हा ट्रॉयला जाऊन त्यानं अकिलीसच्या समाधीचा सन्मान केला, असं प्राचीन चरित्रकार लिहितात. तो इलियडची प्रत उशाखाली खंजिराशेजारी ठेवून झोपायचा, असं प्लुटार्क सांगतो. तेच पुस्तक उशाला घेणारा माणूस इ.स.पू. 326 मध्ये पंजाबपर्यंत येऊन पोचला. त्याला त्यात अकिलीस दिसला. ॲक्सिलस दिसला असेल का, हा प्रश्न मला नेहमी पडतो. प्लेटोला मात्र धोका बरोबर कळला होता: आदर्श नगरातल्या सैनिकांसाठी त्यानं होमरमधल्या ज्या ओळी वगळायला सांगितल्या, त्यांत अकिलीसचं रडणं होतं आणि पाताळातलं त्याचं बोलणं होतं. ते बोलणं ओडिसीच्या अकराव्या सर्गात आहे. मेलेल्या अकिलीसला ओडिसियस म्हणतो, तू इथेही राजाच आहेस, मेल्याचं दुःख करू नकोस. अकिलीस उत्तर देतो की मेलेल्या सगळ्यांवर राज्य करण्यापेक्षा मी वर एखाद्या भूमिहीन गरिबाच्या शेतावर मजुरी करीन. युद्धाला माणसं तयार करायची असतील तर ही ओळ गाळावीच लागेल.

पॅट्रोक्लसनंतरचा अकिलीस वाचवत नाही. एकविसाव्या सर्गात त्याच्या तावडीत लायकेऑन सापडतो, प्रायमचाच एक मुलगा. पूर्वी एकदा अकिलीसनं त्याला बापाच्या बागेत रात्री रथासाठी अंजिराच्या फांद्या तोडताना पकडून लेम्नॉस बेटावर विकलं होतं. कुणीतरी पैसे भरून त्याला सोडवलं. घरी येऊन अकरा दिवस तो आप्तांमध्ये सुखात राहिला, आणि बाराव्या दिवशी पुन्हा याच माणसाच्या हाती लागला. तो पाय धरतो, गयावया करतो. अकिलीसचं उत्तर सगळ्या काव्यातलं सगळ्यात थंड बोलणं आहे, आणि त्यात तो त्याला मित्र म्हणतो. मित्रा, तूही मर. एवढं रडतोस कशाला? पॅट्रोक्लस मेला, तो तुझ्यापेक्षा किती चांगला होता. आणि मला बघ, केवढा देखणा, केवढा धिप्पाड, आई देवी. तरी एखादी पहाट येईल, किंवा संध्याकाळ, किंवा भर दुपार, आणि कुणीतरी माझाही प्राण घेईल. मग तो त्याला मारतो आणि पाय धरून नदीत भिरकावतो. मरणात आपण सारखे आहोत हे सत्य त्याला कळलं आहे, पण त्यातून त्याच्यापाशी दया येत नाही. ते सत्य तो तलवारीसारखं वापरतो.

बाविसाव्या सर्गात हेक्टर पळतो. होय, पळतो, नगराभोवती तीन वेळा, मागे अकिलीस. आणि ऐन या धावपळीत कवी थांबून दोन झरे दाखवतो, एक ऊन, एक गार, आणि त्यांच्याजवळची दगडी कुंडं, जिथे ग्रीक यायच्या आधी, शांततेच्या दिवसांत, ट्रॉयच्या बायका आणि मुली धुणी धुवायच्या. हेक्टर त्यांच्यावरून धावत जातो. तो मरतो तेव्हा अँड्रोमकी घरात मागावर जांभळ्या कापडात फुलं विणत असते. नुकतंच तिनं दासींना चुलीवर मोठं भांडं चढवायला सांगितलेलं असतं, तो लढाईहून आल्यावर ऊन पाण्यानं अंघोळ करील म्हणून.

चोविसाव्या सर्गात म्हातारा प्रायम रात्री शत्रूच्या तळात जातो, मुलाचं प्रेत मागायला. अकिलीसच्या गुडघ्यांना मिठी मारतो आणि ज्या हातांनी आपले कितीतरी मुलगे मारले त्या हातांचं चुंबन घेतो. तुझ्या बापाला आठव, म्हणतो. दोघं रडतात, एक हेक्टरसाठी, दुसरा कधी बापासाठी, कधी पॅट्रोक्लससाठी. या प्रसंगाला मनपरिवर्तन म्हणतात, आणि मला ते पुरतं पटत नाही. अकिलीस प्रायमला बसायला सांगतो, तो म्हणतो मुलगा मातीत पडलेला असताना मी कसा बसू, आणि अकिलीस लगेच भडकतो: मला डिवचू नकोस म्हाताऱ्या, नाहीतर माझ्या हातून भलतंच होईल. प्रेत तो प्रायमच्या नजरेआड धुवायला लावतो, कारण मुलाला तसा बघून बापाचा तोल गेला आणि त्यापाठोपाठ आपलाही, तर आपण याला मारू, अशी त्याला स्वतःचीच भीती आहे. राग गेलेला नाही. राग आहे हे त्याला आता कळतं, आणि तो त्याच्या वाटेतून प्रायमला बाजूला ठेवतो. हेच मला मोठं वाटतं. धुतलेलं प्रेत तो स्वतःच्या हातांनी उचलून बाजेवर ठेवतो.

नंतर तो म्हणतो, आता जेवू या. नायोबीची बारा मुलं मेली, तीसुद्धा रडून दमल्यावर जेवली. आपल्याकडे मर्तिकाच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी, सोयरे पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि पाठीवर हात ठेवून म्हणतात, दोन घास खाऊन घे. कडू घास म्हणतात त्याला. माझ्या घरी तो घास आला तेव्हा तोंडाची चव गेली होती, तरी खाल्ला. न खाऊन चालणार नव्हतं. इलियडमध्ये तो घास भरवणारा मुलाला मारणाराच आहे. तो मेंढी कापतो, सोबती मांस भाजतात, तो वाढतो. आणि जेवण झाल्यावर दोघं एकमेकांकडे बघत राहतात. प्रायम अकिलीसच्या रूपाकडे, अकिलीस प्रायमच्या चेहऱ्याकडे आणि बोलण्याकडे. मग अकिलीस विचारतो, अंत्यविधीला किती दिवस लागतील? प्रायम सांगतो: नऊ दिवस शोक, दहाव्या दिवशी दहन, अकराव्या दिवशी माती, आणि बाराव्या दिवशी लढू, लढावंच लागलं तर.

त्या रात्री अकिलीसच्या शेजारी ब्रिसेइस झोपते. एका ओळीत उल्लेख. अकिलीस आणि ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन यांचं सगळं भांडण जिच्यावरून पेटलं ती बंदी बायको हीच. तिचा नवरा आणि तीन भाऊ अकिलीसनंच मारले होते. एकोणिसाव्या सर्गात पॅट्रोक्लसच्या प्रेतावर पडून ती रडते, तू नेहमी माझ्याशी गोड वागायचास, म्हणते. आणि तिच्याभोवतीच्या बंदी बायका रडतात. दाखवायला पॅट्रोक्लससाठी, होमर म्हणतो, पण खरं तर प्रत्येक जण आपापल्या दुःखासाठी. वीरांच्या काव्यात या ओळीला जागा मिळाली, म्हणून मी या काव्याकडे परत परत जाते. त्या बायकांची नावं मात्र त्यानं दिली नाहीत, ही माझी त्याच्याबद्दलची तक्रार आहे आणि ती राहील.

कुणाला वाचायचं असेल तर माझं सांगणं एवढंच, की सुरुवात सहाव्या सर्गापासून करा, मग पहिल्याकडे या. आणि दुसऱ्या सर्गात जहाजांची यादी आली की पानं उलटू नका. जवळजवळ सगळेच उलटतात. 29 तुकड्या, 1,186 जहाजं, गावांची आणि सरदारांची नावं. त्यातच फिलेसी गावचा प्रोटेसिलेअस आहे. ग्रीकांतून सगळ्यांत आधी त्यानं जहाजावरून ट्रॉयच्या किनाऱ्यावर उडी मारली आणि तिथेच मेला. गावी त्याची बायको गाल ओरबाडून रडतेय, घर अर्धंच बांधून झालंय, आणि त्याच्या माणसांचं नेतृत्व आता धाकटा भाऊ पोडार्सीस करतोय. माणसं त्याला मानतात, पण त्यांना पहिल्याची उणीव भासते, असं कवी आवर्जून सांगतो. ही यादी मोठ्यानं वाचा, एकही नाव न गाळता.